जगात जर्मनी, आकाशात परभणी

हैदराबादला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं फुगे सोडायचं केंद्र आहे. फुगे जत्रेतले नव्हेत. पातळ प्लॅस्टिकचे, हायड्रोजन भरलेले, पन्नास ते पंच्याऐंशी मीटर व्यासाचे. उड्डाणांचा हंगाम आला की या केंद्राकडून एक सूचना निघते. फुगे ३० ते ४२ किलोमीटर उंचीवर जातील, काही तास प्रयोग चालतील, मग उपकरणांच्या पेट्या रंगीत पॅराशूटला लटकून जमिनीवर येतील. कुठे येतील? तर इथे जिल्ह्यांची लांबलचक यादी असते आणि तीत नांदेड, लातूर, बीड यांच्या पंगतीला परभणी बसलेली असते.

या यादीत नाव यावं म्हणून परभणीला मोर्चा काढावा लागला नाही की उपोषणाला बसावं लागलं नाही. विकासाच्या याद्यांत आपलं नाव शोधता शोधता ज्या जिल्ह्याच्या चष्म्याचा नंबर वाढला, त्याला आकाशातून पडणाऱ्या वस्तूंच्या यादीत मात्र आपसूक जागा मिळाली. निजामाचं राज्य १९४८ साली गेलं, तरी हैदराबादहून आमच्याकडे काही ना काही येतच राहतं. पूर्वी फर्मानं यायची, आता फुगे येतात.

सूचनेचा पुढचा भाग मला फार आवडतो. पेटी सापडल्यास उघडू नये, हलवू नये, आत जास्त दाबाची वीज असू शकते. जवळच्या पोलीस ठाण्याला, पोस्टाला किंवा जिल्हा प्रशासनाला कळवावं. कळवण्याचा खर्च मिळेल, शिवाय बक्षीसही मिळेल. मात्र पेटीशी छेडछाड केली असल्यास बक्षीस नाही. आकाशातून अनोळखी वस्तू उतरल्यास नागरिकांनी कसं वागावं, याचं इतकं नेमकं मार्गदर्शन १९४७ साली न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेलकरांना मिळालं नव्हतं. तिथल्या माळरानावर एका गुराख्याला चंदेरी कागद, काड्या, रबराचे तुकडे सापडले. तेही फुग्याचेच अवशेष होते. सोव्हिएत रशियाच्या अणुचाचण्यांचा कानोसा घेण्यासाठी अमेरिकेनं गुपचूप सोडलेल्या फुग्यांचे. पण गुपचूप म्हटल्यावर खरं सांगता येईना, आणि खरं सांगता येईना म्हणून तबकडी, तबकडीतले मेलेले परग्रहवासी, त्यांचं शवविच्छेदन अशी गोष्ट वाढत गेली. आमच्याकडची सूचना त्यांच्याकडे असती तर तो माणूस पोस्टात गेला असता, बक्षीस घेऊन घरी आला असता आणि जगाचा केवढा तरी कागद वाचला असता.

अर्थात आमच्याकडे सूचना निघते म्हणून ती पोचते असं नाही. ती वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर निविदा आणि नाव-बदलाच्या जाहिरातींच्या शेजारी येते, आणि दुपारपर्यंत त्या पानात भजी बांधली जातात. फुगा मात्र वेळेवर येतो. जमिनीवर दिवेलागण झालेली असते, पण तीस किलोमीटर वर अजून ऊन असतं. त्या उन्हात तो प्रचंड फुगा लखलखतो. हलत नाही, लुकलुकत नाही, आवाज करत नाही. खालून बघणाऱ्याला कालपर्यंत नसलेला एक तारा दिसतो. थोड्या वेळानं वरचं ऊनही जातं आणि तारा विझतो. आता हे बघणाऱ्या माणसानं घरी जाऊन काय सांगावं? भज्यांचा कागद तर त्यानं वाचलेला नसतो. २०२२ च्या डिसेंबरात तेलंगणात विकाराबाद जिल्ह्यात तर एका स्पॅनिश कंपनीच्या चाचणीची, अंतराळ पर्यटनासाठी घडवलेली भली मोठी कुपीच अशा फुग्याखालून शेतात उतरली. भोवती गाव जमला. विकाराबाद काही आमच्यापासून दूर नाही. वारा थोडा वायव्येला वळला असता तर तो मान सोनपेठचा किंवा पालमचा होता.

आकाश बघण्याची परंपरा मात्र आमच्या जिल्ह्यात दांडगी. त्याचं कारण अध्यात्म नाही, उकाडा. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढे गेला की घरात झोपणं अशक्य. जुन्या वाड्यांची माळवदं होती तोवर अख्खं घर वर अंथरुणं टाकायचं. झोप येईपर्यंत समोर काय, तर आकाश. सप्तर्षीचे चार तारे म्हणजे म्हातारीची बाज आणि मागचे तीन म्हणजे ती बाज पळवायला टपलेले चोर, ही गोष्ट मी तिथेच ऐकली. पहाटेची शुक्राची चांदणी तर घड्याळच होती. ती वर आली की बायका जात्यावर बसायच्या आणि गडी बैलांना वैरण टाकायचा. शुक्राला उडती तबकडी समजणारा माणूस त्या माळवदांवर सापडला नसता.

हे मी उगाच बढाईनं सांगत नाही. जगभरच्या तबकड्यांच्या तपासात सगळ्यात जास्त वेळा पकडला गेलेला आरोपी शुक्रच आहे. आपल्याकडे २०१२-१३ च्या सुमारास लडाखमध्ये चीनच्या सीमेवरच्या ठाण्यांनी रात्री क्षितिजावर चढणाऱ्या प्रकाशगोलांच्या शेकडो नोंदी केल्या. टेहळणीची यंत्रं असावीत असा संशय. अखेर भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना पाचारण झालं. त्यांनी नोंदी तपासून सांगितलं, एक शुक्र आहे आणि दुसरा गुरू. जवानांना हसण्यात अर्थ नाही. तिथली हवा विरळ आणि स्वच्छ, ग्रह भलतेच ठळक दिसतात, आणि समोर चीन असताना माणूस शुक्राकडेही संशयानंच बघणार.

आता माळवदं गेली, स्लॅब आले, स्लॅबखाली कूलर आले. आकाशाखाली रात्र काढणारा एकच माणूस उरलाय, तो म्हणजे शेतीपंपाला रात्रपाळीची लाईट असलेला शेतकरी. रात्री बाराला लाईट येणार म्हणून हा माणूस कपाळाला बॅटरी बांधून तुरीला नाहीतर हरभऱ्याला पाणी द्यायला निघतो. दोन शेतं पलीकडे दुसरा त्याच कामाला निघालेला असतो. याला त्याचा उजेड दिसतो, त्याला याचा. मध्ये ओढा, ओढ्यात धुकं. एकेकाळी हेच उजेड आग्यावेताळाचे होते. वेताळ आपला लवाजमा घेऊन बांधाबांधानं निघालाय म्हणायचं आणि गोधडी डोक्यावर ओढायची. त्याचा धाकटा भाऊ चकवा. तो रात्री वाट चुकवून माणसाला एकाच शेताभोवती पहाटेपर्यंत फिरवायचा. हल्ली चकवा लागत नाही, मोबाईलचा नकाशा लागतो. परिणाम पुष्कळदा तोच.

अशा या प्रेक्षकांसमोर २ एप्रिल २०२२ चा प्रयोग झाला. गुढीपाडव्याचा दिवस. गुढ्या उतरल्या होत्या, पोटं जड होती, लोक शतपावलीच्या नावाखाली अंगणात उभे होते. पावणेआठच्या सुमाराला आकाशात उजेडाची रांग सरकत गेली. खानदेश, विदर्भ, मराठवाडा, वर मध्य प्रदेशापर्यंत लोकांनी बघितली. जिंतूर तालुक्यातले माझ्या नात्यातले एक आबा त्या वेळी शेतात होते. त्यांचं वर्णन असं: "बगता बगता रांगच निगाली. म्होरं मोठा, मागं त्याची पोरंसोरं. लाल नाही, पिवळा नाही, गुळाच्या पाकाचा रंग. आवाज काय बी नाही. वरात चालली म्हणावं तर वाजंत्री कुठाय?"

वर्णन उत्तम आहे. शास्त्रज्ञानंही यात फार फरक केला नसता. उल्का सेकंद-दोन सेकंदांत संपते, कारण ती सेकंदाला अकरा किलोमीटरपासून सत्तरपर्यंत कितीही वेगानं घुसते. पृथ्वीभोवती फिरून फिरून दमलेलं यंत्र सेकंदाला सातआठ किलोमीटरनं, तिरपं, सावकाश उतरतं. तुटत जातं आणि तुकडे एकामागोमाग एक जळत राहतात. म्हणून वरात. आधी तज्ज्ञांना वाटलं, त्याच संध्याकाळी न्यूझीलंडहून एक रॉकेट सुटलं होतं, त्याचा हा भाग असावा. मग हिशेब जुळला तो चीनच्या लाँग मार्च ३ बी या रॉकेटच्या टप्प्याशी. तो फेब्रुवारी २०२१ मध्ये वर गेला होता आणि वर्षभर तसाच वर घुटमळत होता. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं. आसपास मोठाले गोळेही सापडले. रॉकेटच्या टाक्यांमध्ये दाब राखण्यासाठी असे गोळे बसवलेले असतात. पोकळ आणि हलके, पण चिवट, म्हणून बाकी सगळं जळून गेलं तरी तेवढे खाली पोचतात.

आणि मग गावात आले पोलीस. महसूल खातं आलं. कडं उचलून पोलीस ठाण्यात ठेवलं गेलं. पुढे इस्रोचे लोक येऊन बघून गेले.

कथा ठार मारायची असेल तर तपास करावा, असा शहाण्यांचा समज आहे. माझं निरीक्षण नेमकं उलटं आहे. तपास झाल्याशिवाय कथेला उभं राहता येत नाही. नुसता उजेड दिसला, तर त्याची किंमत चार दिवस चहाच्या टपरीवर. पण पंचनामा झाला की गोष्ट बदलते. पंचनाम्याला पंच लागतात. पंच म्हणजे नाव, वय, धंदा शेती, राहणार अमुक. त्या 'धंदा शेती'खाली एकदा सही झाली की कथेला सातबारा मिळाला. पुढे कुणी शंका घेतलीच, तर सांगणारा रॉकेटचं नाव सांगत नाही. तो सांगतो, "पोलीस आलते ना! इस्रोवाले आलते! खोटं असतं तर आले असते का?" साहेब काय म्हणून गेले हे कुणाच्या ध्यानात राहत नाही. साहेब आले होते, हे मात्र तीन पिढ्या विसरत नाहीत.

अमेरिकेनं हा अनुभव फार मोठ्या खर्चात घेतला. जून १९४७ मध्ये केनेथ अरनॉल्ड नावाच्या वैमानिकाला माउंट रेनियरजवळ नऊ चकाकत्या वस्तू दिसल्या. त्या पाण्यावर बशी भिरकावल्यावर उसळत जाते तशा जात होत्या, असं त्यानं चालीचं वर्णन केलं. छापून येताना चालीऐवजी आकार बशीचा झाला, आणि मग गंमत अशी की त्यानंतर लोकांना आकाशात बश्याच दिसू लागल्या. हवाई दलानं चौकशी लावली. १९५२ ते १९६९ चाललेल्या 'प्रोजेक्ट ब्लू बुक'ची वही मिटली तेव्हा जमा झालेल्या १२,६१८ नोंदींपैकी ७०१ चा उलगडा राहिला होता. म्हणजे ११,९१७ प्रकरणं निकाली निघाली. कोणत्याही तहसील कार्यालयाला हेवा वाटावा असा हा निकाल आहे. पण जगाला पाठ आहेत ते ७०१. उरलेली निकाली काढणाऱ्यांच्या चिकाटीचं कुणी कौतुक केलं नाही.

या चौकशीचे सल्लागार खगोलशास्त्रज्ञ ॲलन हायनेक. १९६६ साली मिशिगनमध्ये दलदलीवर दिवे दिसल्याचा बोभाटा झाला. हायनेक यांनी सांगितलं, काही दिवे दलदलीतल्या वायूचे असू शकतात. लोक खवळले. आमच्याकडे एखाद्याला 'तू बघितलेला आग्यावेताळ म्हणजे चिखलातला गॅस' असं म्हटलं तर तो चिडत नाही, 'असंल' म्हणतो आणि त्या वाटेनं जाणं टाळतो. मिशिगनकर चिडले, कारण त्यांना आपण मूर्ख ठरलो असं वाटलं. परभणीच्या माणसाला बाहेरून आलेल्यानं मूर्ख ठरवण्याची पुरेशी सवय आहे. 'बनी तो बनी, नहीं तो परभनी' ही ओळख आम्ही हसत मिरवतो, आणि जगात जर्मनी, भारतात परभणी हे उत्तरही आमच्या खिशात तयार असतं. हायनेक मात्र पुढे बदलले. जन्मभर लोकांना खोडून काढता काढता त्यांना वाटू लागलं की बघणाऱ्यांपैकी बरेच जण खोटं बोलत नाहीयेत, आणि मग ते या विषयाचे गांभीर्यानं अभ्यासक झाले. तपासनीसच कथेतलं पात्र होतो, तो असा.

आमच्याकडे अशा तपासाची खरी शाळा भरली ती तबकड्यांवर नाही, भानामतीवर. मराठवाड्याला हे प्रकरण नवं नाही. घरावर दगड पडतात, दोरीवरचे कपडे पेट घेतात, अंगावर फुल्या उठतात. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते अशा घरी जातात, तेव्हा आधी आकाशाकडे बघत नाहीत. घरातल्या एकेकाला वेगवेगळं घेऊन बसतात. दगड कुठून आला यापेक्षा या घरात कुणाचं ऐकलं जात नाही, ते शोधतात. बहुतेक वेळा उत्तर घरातच असतं. एखादी पिचलेली सून, लग्नाला नको म्हणायची हिंमत नसलेली मुलगी, शाळेत परत पाठवू नका असं सांगता न येणारा पोरगा. शहाणा कार्यकर्ता त्याचं नाव जाहीर करत नाही. भानामती थांबते, आणि गावाला वाटतं, कार्यकर्त्याकडे मोठा मंत्र आहे. मला हा तपास हायनेक यांच्या तपासापेक्षा वरचा वाटतो. तिथे कोण खरं बोललं हे ठरवायचं होतं, इथे कोण दुखावलंय हे ओळखायचं असतं.

२०२४ च्या पावसाळ्यात मात्र गाठ पडली ती नव्या वेताळाशी. बीड, जालना, छत्रपती संभाजीनगर अशा एकेका जिल्ह्यातून बातम्या येऊ लागल्या की रात्री गावावर ड्रोन घिरट्या घालतात. कुणाचे, कशासाठी, माहीत नाही. चोर आधी ड्रोननं घरं हेरून जातात, असं ठरलं. ठराव कुणी मांडला ते कळलं नाही, पण मंजूर एकमतानं झाला. गावोगाव तरुण काठ्या घेऊन राखणीला बसले. विधिमंडळात प्रश्न निघाला. आमच्या भागातही दूर कुठे लाल-हिरवा दिवा लुकलुकला की फोन सुरू व्हायचे. त्यात विमानं किती आणि स्वतः ग्रहमहाराज किती, याचा हिशेब कोण ठेवणार! त्यातच १० जुलैच्या सकाळी सव्वासातला भूकंपाचा धक्का बसला, ४.५ रिश्टरचा, केंद्र हिंगोलीकडे, पण परभणीतही भांडी वाजली. वरून ड्रोन आणि खालून भूकंप, अशी त्या महिन्यात आमची दोन्हीकडून सोय झाली होती. एका मावशींनी तर्क लढवला की ड्रोनवाले तो धक्का मोजायलाच आधी येऊन गेले असणार. या तर्काला उत्तर कुठल्याही खात्याकडे नाही.

मौज अशी की दिवसा हाच ड्रोन आदरणीय असतो. इथल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात ड्रोननं फवारणी कशी करावी हे शेतकऱ्यांना दाखवतात. बचत गटातल्या बायकांना ड्रोन देणारी सरकारी योजना आहे, तिचं नावच ड्रोन दीदी. लग्नात वरातीच्या डोक्यावर ड्रोन नसला तर वरपक्षाची मान खाली जाते. थोडक्यात, सूर्य मावळला की दीदीचा दरोडेखोर होतो. सप्तर्षीतल्या बाजेमागचे तीन चोर माळवदावरून उतरून इथे आले असावेत, अशी मला शंका आहे. आकाशात चोर बघायची सवय आम्हाला आजीनंच लावली आहे.

तरी काठी घेऊन बसलेल्या पोरांचं मला हसू येत नाही. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला १ जुलै २०१८ रोजी काय झालं ते या राज्याला ठाऊक आहे. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, एवढी एक अफवा मोबाईलवरून फिरली आणि भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावानं ठेचून मारलं. अफवेतली टोळी कुणी बघितली नव्हती. ती पाच माणसं मात्र समोर उभी होती. आकाशातल्या अनोळखी वस्तूला कुणाची काठी पोचत नाही, यातच तिचं आणि आपलं भलं आहे.

आकाशाकडून परभणीला काय हवं असतं, हे कुणाला खरोखर समजून घ्यायचं असेल तर त्यानं जून कोरडा गेल्यावर यावं. स्विस मानसशास्त्रज्ञ युंग यांनी १९५८ मध्ये उडत्या तबकड्यांवर पुस्तकच लिहिलं. दुभंगलेल्या, युद्धाला घाबरलेल्या माणसाला आकाशात पूर्ण गोल दिसतो, अशी काहीशी त्यांची मांडणी. पेरणी खोळंबलेल्या माणसाला गोल दिसत नाहीत. तो ढग बघतो. २०१५ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये औरंगाबादेतून विमानं उडवून मराठवाड्यावर कृत्रिम पावसाचे प्रयोग झाले. ढगात क्षारांची फवारणी करायची, थेंब मोठे व्हायचे, पाऊस पडायचा, अशी कल्पना. गावात त्याची कथा झाली ती उलटी. पाऊस पाडायला आलेलं विमानच ढग पळवून नेतं म्हणे. विमान येऊन गेलं आणि आभाळ निरभ्र झालं, हे लोकांनी डोळ्यांनी बघितलेलं. ढग तसेही जाणारच होते, हे बघायला कुणाला सांगितलं नव्हतं. अमेरिकेत वरून आलेलं यान माणूस पळवतं, आमच्याकडे ढग पळवतं. ज्याच्याकडे जे कमी, त्याची चोरी होते.

माणसं पळवण्याची ती तिकडची कथाही मला जरा कोरडीच वाटते. १९६१ साली न्यू हॅम्पशरमध्ये बेटी आणि बार्नी हिल हे जोडपं रात्री मोटारीनं घरी निघालं होतं. आकाशातून एक यान पाठीमागे आलं, आणि घरी पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की मधल्या दोन तासांचा हिशेबच लागत नाही. या दोन तासांवर पुस्तक झालं, चित्रपट झाला. आमच्याकडे बाराच्या मुहूर्ताचं लग्न दोनला लागतं आणि मधल्या दोन तासांचा जाब कुणी विचारत नाही. पण खरा फरक पाहुण्यांच्या वागण्यातला आहे. त्यांचे परग्रहवासी माणसाला टेबलावर आडवं पाडून सुया टोचतात. गंगाखेडच्या जनाबाईकडे वैकुंठीचा राणा यायचा तो दळण दळू लागायला, शेण्या वेचू लागायला, केस विंचरायला. गोदावरीकाठच्या म्हाताऱ्या ही हकिकत पुराव्यांची मागणी न करता सातशे वर्षं सांगताहेत. त्याचा पंचनामा कुणी केला नाही. करायला गेला असता, तर तहसीलदारालाही त्यांनी जात्याचा दुसरा खुंटा धरायला बसवलं असतं.

वरून खरोखर कुणी येऊन गेलं का, याचा गांभीर्यानं शोध घेणारा मराठी माणूसही त्या हैदराबादच्या फुग्यांशीच जोडलेला होता. जयंत नारळीकर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये आणि पुन्हा २००५ मध्ये फुग्यांतून निर्जंतुक केलेली भांडी वर पाठवली आणि वीस ते एक्केचाळीस किलोमीटर उंचीवरची हवा पकडून आणली. दुसऱ्या खेपेच्या नमुन्यात जिवाणूंच्या तीन नव्या जाती निघाल्या. एकीला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांचं नाव दिलं, एकीला इस्रोचं, एकीला आर्यभटाचं. हे जीव बाहेरून आले की खालून वर गेले, यावर पैज लावण्याची घाई नारळीकरांनी केली नाही. विज्ञानकथांमध्ये परग्रहवासीयांना मुक्तद्वार देणारा लेखक प्रयोगशाळेत मात्र दाराशी उभा राहून ओळखपत्र मागत होता. हाच गृहस्थ ज्योतिष्यांची परीक्षा घ्यायलाही बसला होता, हे लक्षात घेतलं तर त्यात नवल नाही.

आता उरतो तो व्यवहार. लाडबोरीचं कडं आमच्याकडे पडलं असतं तर पहिला प्रश्न 'आत कोण होतं' हा झाला नसता. 'भरपाई कोण देणार' हा झाला असता. उत्तर आहे. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अंतराळातल्या वस्तूनं जमिनीवर नुकसान केलं तर ती सोडणारा देश भरपाईला बांधलेला आहे, चूक असो वा नसो. १९७८ मध्ये रशियाचा अणुइंधनवाला उपग्रह कॅनडात कोसळला. कॅनडानं साठ लाख डॉलरचं बिल पाठवलं, तीन वर्षांनी तीस लाख मिळाले. निम्मे का होईना, मिळाले. हे मी आबांना सांगितलं तेव्हा त्यांनी पीक विम्याचा अनुभव जमेस धरून विचारलं, "बहात्तर तासांत कळवलं होतं का त्यायनी?" गारपीट, वीज, अतिवृष्टी, पूर अशा रकान्यांत चिनी रॉकेट कुठल्या रकान्यात भरायचं, यावर आम्ही बराच वेळ खल केला. सोयाबीनवर पडलं तर एक भाव, पडीक रानात पडलं तर दुसरा, असं शेवटी ठरलं.

आबांची कथा आता चांगली पिकली आहे. रांगेतली पोरंसोरं सातावरून अकरावर गेली आहेत. लाडबोरीचं कडं हळूहळू पश्चिमेकडे सरकतंय. गेल्या दिवाळीत ते वाशीम जिल्ह्यात पडलं होतं, येलदरी धरणापर्यंत यायला फार वर्षं लागू नयेत. परवा त्यांचा नातू पुण्याहून आला होता. कॉम्प्युटरवर काम करणारा, अचूक मुलगा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मोबाईल काढून आजोबांना वाचून दाखवलं, "आबा, ते चीनचं रॉकेट होतं. लाँग मार्च थ्री बी. हे बघा, तारीख सुद्धा आहे."

आबा म्हणाले, "रॉकेट व्हतं हे मीच तर सांगायलोय कवाचा. आता त्याच्यात बसलं कोण व्हतं, ते बघ जरा तुझ्या मोबाईलात."